गाडीच्या काळ्या प्लास्टिकला डिझेल चोळायचं आता थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रस्ते, गटारी, पाणी, सीमाप्रश्न यावर रोज कोण ना कोण लिहितंय आणि ते लिहायलाच पाहिजे, खरं आज मी गाडीच्या एका गोष्टीवर लिहायलोय. वरनं बघितलं तर बारकी गोष्ट आहे, खरं त्यात वॉशिंग सेंटरवरच्या पोरांच्या हातांचा, शिवारातल्या पाण्याचा आणि कर्ज काढून गाडी घेतलेल्या माणसाच्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून जरा जास्त जागा द्यावी ही विनंती.

हल्लीच्या गाड्या बघा. बंपरचा खालचा भाग, चाकावरच्या कमानी, दाराच्या पट्ट्या, आरशाची कव्हरं, वायपरखालची जाळी, टपावरच्या पट्ट्या, सगळं रंग न मारलेलं काळं प्लास्टिक. पूर्वी ओम्नीला नुसता बंपर काळा असायचा, आता ब्रेझा घ्या, पंच घ्या, डस्टर घ्या, चारी बाजूनी काळा पट्टा असतोय. नवीन असताना झकास दिसतंय. तीन-चार उन्हाळे गेले की तेच प्लास्टिक आधी राखाडी पडतंय, मग पांढरट, आणि बाकी गाडी चांगली असूनसुद्धा एकदम म्हातारी दिसायला लागते. मग मालक वॉशिंगला गाडी लावतो आणि जाता जाता सांगतो, "ते तेवढं काळं करून ठेव रे." आणि तिथला पोरगा कोपऱ्यातला डबा आणतो, डब्यात डिझेल, त्यात इंजिनातनं काढलेलं जळकं ऑइल मिसळलेलं, त्यात चिंधी बुडवतो आणि उघड्या हातानं सगळ्या गाडीला चोळतो. कुठं कुठं रॉकेल असतंय, कुठं नुसतं डिझेल. खानापूर रोडला बघितलंय, निपाणीकडं जाताना हायवेला बघितलंय, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी सगळीकडं हेच. एका सेंटरचं नाव घेऊन उपयोग नाही कारण ही सवयच पडलीय सगळ्यांना, आणि गिऱ्हाईक खूष होऊन जातोय म्हणून कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

माझं सगळं काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगमधे झालंय. प्लास्टिकचा कच्चा दाणा, त्यात मिसळायचा रंगाचा दाणा म्हणजे मास्टरबॅच, मोल्ड, ग्राइंडिंग यातच दिवस गेले, त्यामुळं हे प्लास्टिक नक्की काय आहे आणि त्याला काय होतंय हे थोडं सांगू शकतो. गाडीच्या बंपरला आणि कमानींना जे प्लास्टिक वापरतात ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी असतंय, त्यात ईपीडीएम म्हणजे एका जातीचं रबर मिसळलेलं असतंय म्हणजे धक्का बसला तर तडकू नये, आणि कडकपणासाठी टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पावडर. बंपर काढला तर आतल्या बाजूला पीपी प्लस ईपीडीएम आणि पुढं टी २० वगैरे असं कोरलेलं दिसेल, तो टी म्हणजे टाल्क, वीस म्हणजे वीस टक्के. काळा रंग येतो कार्बन ब्लॅकनं, आणि ते नुसतं रंगासाठी नसतंय, ऊन शोषून घेऊन आतल्या प्लास्टिकला वाचवायचं कामही तेच करतंय. शिवाय उन्हापासनं राखायला स्टॅबिलायझर घालतात.

हे स्टॅबिलायझर काय जन्मभर पुरत नाही. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकच्या लांब लांब साखळ्या तोडतात, त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो, आणि अगदी वरचा पातळ थर ठिसूळ होतो. त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक बारीक भेगा पडतात, मधलं प्लास्टिक झिजतं आणि आतली टाल्क उघडी पडते. गच्चीवर टाकलेली प्लास्टिकची खुर्ची काही वर्षांनी हाताला खडूसारखी पांढरी पूड देते ना, ते हेच, मालसुद्धा बहुतेक तोच, पॉलिप्रॉपिलीन. आणि आमचं बेळगाव म्हणजे गार हवेचं गाव असं सगळे म्हणतात, खरं हवा गार म्हणून ऊन मऊ असं नसतंय. आपण समुद्रसपाटीपासनं साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, उंचावर अतिनील किरणं जरा जास्तच लागतात, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतोय, खांबाची सावली खांबाच्या बुडातच पडते. त्या दिवसात गाडी उघड्यावर उभी असली की टपावरच्या पट्ट्या आणि वायपरखालची जाळी सगळ्यात आधी जाते, कारण ती आडवी असते आणि सगळं ऊन अंगावर घेते.

गल्लीत एक गोष्ट बघा. शहापूर, वडगाव, अनगोळ इकडच्या गल्ल्या अरुंद, त्यामुळं रोज गाडी एकाच तोंडानं लावावी लागते. कितीतरी गाड्यांचा पुढचा बंपर पांढरट आणि मागचा अजून बऱ्यापैकी काळा असतोय, किंवा डावी बाजू गेलेली आणि उजवी चांगली. मालकाला वाटतं कंपनीनं माल हलका दिला, खरं तो नुसता उन्हाच्या बाजूचा फरक असतोय. मधे मधे गाडी उलट्या तोंडानं लावली तरी फरक पडतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आता डिझेल लावल्यावर काळं का दिसतंय ते सांगतो, कारण हे एकदा समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतंय. प्लास्टिकच्या आत रंग तसाच काळा असतोय, फक्त वरच्या भेगांवर उजेड पडून इकडंतिकडं फाकतो म्हणून ते पांढरट दिसतंय. त्या भेगात काहीही ओलं भरलं, साधं पाणी जरी, की उजेड फाकायचा थांबतो आणि काळं दिसतंय. म्हणून पावसात सगळ्यांच्या गाड्या काळ्या दिसतात आणि ऊन पडलं की परत पांढऱ्या. डिझेल तेवढंच करतंय, भेगा भरतंय. प्लास्टिक त्यानं काही सुधारत नाही. पाणी तासाभरात वाळतं, डिझेल चार दिवस टिकतंय, जळकं ऑइल आठवडाभर, एवढाच काय तो फरक.

खरं जाताना ते काय करून जातंय ते बघा. तेलकट जागेवर धूळ बसते, आणि आपल्याकडची धूळ म्हणजे जांबोटी-खानापूरची लाल माती, ती त्या प्लास्टिकच्या खरखरीत दाण्यात अशी जाऊन बसते की नुसत्या पाण्यानं निघत नाही. पंधरा दिवसांनी प्लास्टिक आधी होतं त्यापेक्षा जास्त घाण दिसतंय आणि मालक परत डिझेल मारून घेतो. दुसरं म्हणजे रबर. दाराची बीडिंग, काचेच्या कडेची रबरं, ही बहुतेक ईपीडीएमची असतात आणि ईपीडीएम ऊन-पावसाला दणकट असलं तरी डिझेल, पेट्रोल, ऑइल त्याला अजिबात चालत नाही, फुगतंय, मऊ पडतंय. चोळणारा पोरगा काय पट्टीला लावताना रबर चुकवत बसत नाही. मग दोन पावसाळ्यांनी दारातनं पाणी आत येतंय, कार्पेट कुजतंय, आणि गाडीत कुबट वास का येतोय म्हणून सगळीकडं शोधत बसायचं. आणि बंपरमधे सुद्धा तेच ईपीडीएम मिसळलेलं आहे हे वर सांगितलंच.

यापेक्षा मला जास्त लागतंय ते त्या पोरांचं. सोळा-अठरा वर्षांची पोरं, कोणी कडोलीकडचं, कोणी बैलहोंगलकडनं आलेलं, दिवसभर हात डिझेलात. डिझेलनं कातडीतलं तेल निघून जातंय, भेगा पडतात, खाज सुटते, आणि जळक्या इंजिन ऑइलमधे जी द्रव्यं तयार झालेली असतात त्यातली काही कॅन्सर करणारी असतात, वर्षानुवर्षं कातडीला लागणं धोक्याचंच. त्याच हातानं ती पोरं डबा खातात. मालकानं हातमोजे दिलेत असं मी फार कमी ठिकाणी बघितलंय. चार-आठ दिवसांच्या चकाकीसाठी कोणाच्या पोराच्या हाताची अशी वाट लावायचा हक्क कोणाला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ते पाणी जातंय कुठं. सेंटरच्या मागच्या गटारीत, गटारीतनं नाल्यात. आपल्या शहरात बळ्ळारी नाला म्हटलं की शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांना वेगळं काय सांगायला नको, पावसाळ्यात तो नाला शिवारात घुसतोय आणि ज्या शिवारात बेळगाव बासमतीचं भात पिकतंय तिथं शहराची सगळी घाण आणून टाकतोय. त्यात आपण हौसेनं डिझेल आणि ऑइल घालायचं. वापरलेलं ऑइल हे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमात येतंय, ते परवानाधारकालाच द्यायचं असतंय, गटारीत सोडायचं नाही आणि गाडीला चोळायचं तर मुळीच नाही.

बरं, डिझेल नको तर मग काय, असं वाचणारा म्हणेल. म्हणून आता कामाचं सांगतो, घरच्या घरी होणारं आहे.

आधी पांढरं नक्की कशामुळं झालंय ते बघायचं. सकाळी सावलीत प्लास्टिक पाण्यानं ओलं करा. ओलं असताना नवीन असल्यासारखं काळं दिसलं आणि वाळल्यावर पांढरट झालं तर उन्हानं वरचा थर गेलाय, ते साफ करून वर चांगलं कायतरी लावलं तर सुधारतंय. ओलं असतानाही पांढरे डाग तसेच राहिले तर ते बहुतेक दुसरं कायतरी आहे, एक तर रंगाला पॉलिश करताना मेण प्लास्टिकवर लागून वाळलेलं, ते कडेकडेला फराटे मारल्यासारखं दिसतंय, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचे क्षार, ते थेंबाच्या आकाराचे गोल डाग असतात. मेणाचे डाग साबण आणि ब्रशनं जातात. क्षाराला पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून लावायचं, दोन-तीन मिनिटं ठेवून ब्रश मारायचा आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. फरशीचं अॅसिड कोणी सांगितलं तरी लावू नका, त्यानं प्लास्टिकवर असे डाग पडतात जे परत निघत नाहीत.

धुणं हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. बाटली आणली की थेट धुळीवर लावून मोकळे होतात आणि मग म्हणतात की टिकलं नाही. गाडी सावलीत, प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे, तापलेल्या बंपरवर काहीही लावलं तरी ते तिथंच वाळून डाग पडतात. पहिल्यांदा गाडीच्या शाम्पूनं धुवायची, कपड्याच्या पावडरनं नको. मग ऑल पर्पज क्लीनर मिळतोय तो एक भाग आणि पाणी दहा भाग असं करून मऊ ब्रशनं घासायचं, कोपऱ्याला जुना दातांचा ब्रश चांगला. फेस लालसर-काळा येईल, ती आपली लाल माती आणि मागचं डिझेल निघतंय. फेस पांढरा येईपर्यंत परत परत करायचं, एका वेळेला एकच भाग घ्यायचा, आणि क्लीनर अंगावर वाळू द्यायचा नाही. ज्या गाडीला वर्षानुवर्षं डिझेल मारलंय तिला हे दोन-तीन वेळा करावं लागतंय, घाबरू नका. प्रेशर गन असेल तर नोझल फूटभर तरी लांब धरा, जवळनं मारलं तर पट्टीच्या कडा सुटतात.

मग पूर्ण वाळवायचं. जाळीत आणि पट्टीच्या फटीत पाणी दडून बसतंय, ते नंतर ओघळून सगळं काम बिघडवतंय, म्हणून तासभर तरी उघडं ठेवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमधे किंवा मोबाईल रिपेअरवाल्यांकडं मिळतंय, ते कापडावर घेऊन हलक्या हातानं पुसायचं म्हणजे उरलेलं तेल निघतंय. ते पटकन पेट घेतंय तेव्हा उघड्यावर करा, जवळ बिडी-सिगरेट नको. एक सांगायचं राहिलं, हे सगळं खरखरीत, रंग न मारलेल्या प्लास्टिकसाठी आहे. आरशासारखं चकाकणारं काळं प्लास्टिक असतंय ना, दाराच्या खांबावर वगैरे, त्याला ब्रश लावू नका, चरे पडतात.

आता वर काय लावायचं. बाजारात ढोबळ मानानं तीन जाती आहेत. पहिलं साधं ड्रेसिंग, म्हणजे वरनं स्पंजनं लावायचं पातळ औषध, त्यात परत दोन प्रकार, पाण्यावर बनवलेलं दुधासारखं पांढरं असतंय आणि सॉल्व्हंटमधलं सिलिकॉनचं पारदर्शक, तेलकट असतंय. मला दुधासारखं बरं वाटतं, लखलखाट करत नाही, नवीन प्लास्टिक जसं मॅट असतंय तसं दिसतंय, हाताला चिकटत नाही, धूळ कमी बसते, आणि रबराच्या बीडिंगलाही चालतंय. काही आठवडे टिकतंय, पावसात त्याहून कमी. त्यात अतिनील किरणांपासनं संरक्षण आहे असं लिहिलेलं असेल तर ते घ्या. लावायचं अगदी थोडं, स्पंजवर घेऊन, आणि दहा मिनिटांनी कोरड्या कापडानं जादाचं पुसून काढायचं. हे पुसणं कोणी करत नाही आणि मग पहिल्या पावसात काळे ओघळ रंगावर येतात. सिलिकॉनचं काहीही काचेजवळ फवारू नका, वायपर फिरला की काचेवर धुरकट थर येतोय आणि रात्री चोर्ला घाटात समोरच्या गाडीचा लाइट पडला की काही दिसत नाही. ब्रेकच्या पेडलला, स्टिअरिंगला, टायर जिथं रस्त्याला टेकतोय तिथं तर कधीच नको.

दुसरी जात रंग भरणारी, म्हणजे त्यात काळा रंगच असतोय, तो त्या भेगात बसतो. जास्त पांढऱ्या पडलेल्या गाडीला हे चांगलं, काही महिने टिकतंय. बाजूच्या रंगाला आणि हाताला लागलं तर निघता निघत नाही म्हणून मास्किंग टेप लावूनच करायचं. तिसरी जात सिरॅमिक कोटिंग, प्लास्टिकसाठीचं वेगळं मिळतंय, ते वाळून कडक थर होतोय आणि नीट साफ केलेल्या प्लास्टिकवर वर्ष-दोन वर्ष टिकतंय. महाग वाटतंय, खरं बाटली बारकी असली तरी पूर्ण गाडीला पुरते आणि दर महिन्याला वॉशिंगवाल्याला ज्यादाचे पैसे द्यायचे वाचतात. त्याला लावल्यावर बाटलीवर लिहिलेत तेवढे तास पाणी लागता कामा नये. म्हणून आमच्या भागात हे काम संक्रांतीनंतर ते पाडव्यापर्यंत करावं, हवा कोरडी असते, आणि मे महिन्याच्या कडक उन्हाच्या आधी प्लास्टिकवर थर बसलेला असतोय. खंडेनवमीला सगळे गाडी धुतात, पूजा करतात, तेव्हा साधं ड्रेसिंग करा, खरं कोटिंगच्या भानगडीत त्या दिवसात पडू नका, परतीचा पाऊस कधी येईल नेम नसतोय.

मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं हीट गन फिरवायला लागलीत, त्याबद्दल लिहिलंच पाहिजे. हीट गननं प्लास्टिक काळं होतंय हे खरं आहे, वरचा मेलेला थर वितळून खालच्यात मिसळतो आणि भेगा बुजतात. खरं पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ डिग्रीला वितळतंय आणि हीट गनची हवा ५०० च्या वर जाते. हात एक क्षण थांबला की बंपरचा वरचा खरखरीत दाणा सपाट होतो, पट्टी वाकडी होते, बाजूच्या रंगाला फोड येतात. शिवाय स्टॅबिलायझर संपलेलंच असतंय, ते काही गरम केल्यानं परत येत नाही, त्यामुळं काही महिन्यात परत पांढरं, आणि दर वेळेला प्लास्टिक आणखी ठिसूळ. गॅसच्या टॉर्चनं करणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण तिथंच मागच्या कमानीवर असतंय.

घरगुती उपायात खोबरेल आणि शेंगाचं तेल हे डिझेलचेच भाऊ, वाळत नाहीत, धूळ धरतात, वास मारतात. बुटाचं पॉलिश पावसात निघून धोतराला नाहीतर साडीला लागतंय. जवसाचं डबल बॉइल तेल मात्र वेगळं आहे, ते हवेत वाळून थर होतोय आणि इतर तेलापेक्षा बरंच टिकतंय, जुनी बोलेरो, ट्रॅक्टर यांना लोक लावतात. त्याचा एक मोठा धोका कोणी सांगत नाही. ते पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर वाळताना ती आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते, काडी न लावता. चिंधी पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर बाहेर मोकळ्या हवेत दगडावर पसरून वाळवा. गोठ्यात, गवत-पिंजराजवळ, शेडमधे टाकू नका.

पेंटरकडं जाऊन काळा रंग मारून घेणारेही आहेत. पॉलिप्रॉपिलीनला रंग सहज धरत नाही, आधी प्लास्टिक प्रायमर म्हणजे रंग धरून ठेवणारा अॅढिजन प्रमोटर मारावा लागतोय. तो मारणार का हे विचारून घ्या, नाहीतर पहिल्याच वॉशिंगला रंगाची सालं निघतात. रंग मारणं हा शेवटचा उपाय, प्लास्टिक अगदीच गेलं असेल तर.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांना दोन शब्द. कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या गाड्या, गोव्याच्या गाड्या, आपल्या केए २२, केए २३ च्या, निपाणी-बेळगावच्या बाजारात सगळ्या विकायला येतात आणि विकायच्या आदल्या दिवशी त्यांना तेल चोळून काळंभोर केलेलं असतंय. ओलसर पांढरं कापड घेऊन कमानीवर जोरात घासा, कापड तेलकट काळं झालं तर थर वरचा आहे. वायपरखालची जाळी बघा, तिथं चोळायला विसरतात. एक पट्टी काळीकुट्ट आणि बाकीच्या राखाडी असतील तर ती बदललेली असू शकते, का बदलली ते विचारा. आणि स्वस्तातला लोकल बंपर घेताना लक्षात ठेवा, ग्राइंडिंग केलेल्या जुन्या मालात स्टॅबिलायझर कमी उरलेलं असतंय, परत नवीन घातलं नसेल तर तो कंपनीच्या बंपरपेक्षा लवकर पांढरा पडतोय.

शेवटी तीन विनंत्या. वॉशिंग सेंटरच्या मालकांना विनंती की डिझेल-ऑइलचा डबा बंद करा, पाण्यावरचं ड्रेसिंग कॅनमधे घेतलं तर एका गाडीला फार थोडं लागतंय, त्याचे वेगळे पैसे घ्या, गिऱ्हाईक देतोय, आणि पोरांना हातमोजे द्या. महानगरपालिकेला आणि प्रदूषण मंडळाला विनंती की सेंटरांच्या गटारीला ऑइल वेगळं करायची टाकी आहे का ते पावसाळ्याच्या आधी जाऊन बघा, बळ्ळारी नाल्याच्या बाजूपासनं सुरुवात करा. आणि आपल्या पेपरला विनंती की गाड्यांच्या नवीन मॉडेलवर जेवढी जागा जाते त्यातली थोडी जुनी गाडी नीट ठेवण्याच्या माहितीला द्या, या बाटल्यांवरची माहिती बारक्या इंग्रजी अक्षरात असते आणि जो पोरगा ती गाडीला लावणार त्याला ती वाचता येत नाही, तो मराठी बोलणारा असो नाहीतर कन्नड. आणि वाचकांनी एवढं करावं, पुढच्या वेळेला वॉशिंगला गाडी सोडताना चावी देतानाच सांगावं की प्लास्टिकला डिझेल लावायचं नाही.

आपला,
एक वाचक
अनगोळ, बेळगाव